सातव्या होडीचा बिल्ला

९ फेब्रुवारी

धाकटे,

अक्षर ओळखून पाकीट फाडणार असशील तर दोनच तुकडे कर, चार करू नकोस. मन बदललं तर जोडून वाचता येईल.

पत्ता मावशीकडून काढला. सुखासुखी दिला नाही तिने. तीनदा चहा झाला, गुडघ्याचं सगळं पुराण ऐकून घ्यावं लागलं, मग कुठे वही उघडली. फोन नंबरही देत होती, मीच घेतला नाही. माझा आवाज ऐकून तू फोन ठेवून देशील, आणि नाही ठेवलास तर मीच काहीबाही बोलत सुटेन. तुला माझी जीभ माहीत आहे. कागदावर हात जरा सावकाश चालतो.

मी बरी आहे. गुडघे मावशीच्याच वळणावर चाललेत. तिकिटाच्या खिडकीवरून मला बागेच्या फाटकावर बसवलं त्याला आता नऊ वर्षं झाली, म्हणजे तुझा नवरा, तुझा सुतार, गेला तेव्हापासूनच. होड्याच बंद झाल्या, तर होड्यांची तिकिटं कुणाला देणार? त्या दिवसापासून होड्या धक्क्यावर पालथ्या पडल्यात. खाली मांजरीच्या किती पिढ्या झाल्या असतील, देव जाणे.

तळ्याची बाग मात्र आहे तशी आहे. मास्तर अजून सकाळी सात फेऱ्या मारतात आणि फेरीगणिक एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकतात. परवा खिशाला भोक पडलं, तर फेऱ्या किती झाल्या कळेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून चालले. रेडिओवाल्या बाई त्याच बाकावर बसतात. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, तरी बसायच्या आधी बाक दोन्हीकडून पुसतात. आपल्या इथे घरं अशी, की एका खोलीत सहा माणसं आणि खिडकी उघडली की समोरच्याची भिंत. कुणाला रडायचं असलं तरी तळ्यावर यावं लागतं. एरवी एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या दोन्ही आळ्यांची माणसं या बागेसाठी एका कागदावर सह्या करतात. होड्या पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून नऊ वर्षांत चौदा अर्ज गेले. चौदाही मास्तरांच्या अक्षरात.

तर आता मंजुरी आली आहे. पंधरा मार्चला होड्या पाण्यात जाणार. त्याच दिवशी माझा सत्कार ठेवलाय, कारण मी उन्हाळ्यात निवृत्त होते आणि धक्क्यावर सगळ्यात जुनी मीच. हसू नकोस.

येशील का? भिंगरीला घेऊन ये. पंधरा वर्षांची झाली ना ती? माझ्या डोळ्यांपुढे अजून ती सहा वर्षांची आहे, एका जागी न ठरणारी.

धक्क्यावर एक पाटी लागायची आहे. तिच्यातलं एक वाक्य मला पटलेलं नाही. मास्तरांशी बोलते. तू काळजी करू नकोस.

तुझी,
अक्का

१८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा होती असंही नाही, पण टपालवाल्याची सायकल दिसली की मी उठून उभी राहते, आणि तो मला बघून मान हलवतो. आता आमचं ते ठरूनच गेलंय.

पाटीचं सांगायचं राहिलं. रंगाऱ्याकडे गेलेला मजकूर मी पाहिला. वर नियम आहेत: वेळ, किती माणसं, उभं राहू नये, वगैरे. खाली लिहिलंय: "यापूर्वी एका इसमाने मद्यपान करून, बंद वेळेनंतर, परवानगीशिवाय होडी नेल्याने त्याचा बुडून मृत्यू झाला होता. नागरिकांनी बोध घ्यावा."

इसम. ज्याने त्या अकरा होड्यांची एकेक फळी बदलली, तो इसम. मी मास्तरांना म्हटलं, "हे वाक्य काढा." ते म्हणाले, "अक्का, नाव कुठे लिहिलंय? आणि चौकशीत जे निघालं तेच आहे. तुमच्याच जबाबावर तर निघालं ते."

माझ्या जबाबावर. मी जबाबात एवढंच म्हटलं होतं: "मी साडेसहाला बंद केलं तेव्हा अकराच्या अकरा बिल्ले फळ्यावर होते." हे खरं आहे, धाकटे. अक्षर न अक्षर खरं आहे. बाकीचं लोकांनी जुळवलं. बिल्ले सगळे होते म्हणजे होड्या सगळ्या आत होत्या. मग तो बुडाला तर त्याने नंतर कुंपणावरून येऊन नेली असणार. आणि पाण्यावर ती बाटली सापडली, म्हणजे प्यायला असणार. जो तो नाकाने कांदे सोलत होता. मी कुणालाही 'तो प्यायला होता' असं सांगितलं नाही.

तुला सोडून. तुला मी सांगितलं. ते मला आठवतं.

तुला फळ्याचं नीट माहीत नसेल. तू कधी खिडकीच्या आत आली नाहीस. फळ्यावर अकरा खिळे, प्रत्येकावर होडीच्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला. होडी बाहेर गेली की तिचा बिल्ला काढून डब्यात टाकायचा, परत आली की खिळ्याला लावायचा. साडेसहाला कचेरीतले साहेब फेरी मारायचे. ते पाण्याकडे बघत नसत, फळ्याकडे बघत. फळा भरला की वहीत सही, आणि दार बंद. मीही तसंच करायची. फळा भरलेला दिसला की माझ्यापुरतं तळं रिकामं व्हायचं.

पण हे सगळं तिकीट काढून जाणाऱ्यांसाठी. तुझा सुतार काही गिऱ्हाईक नव्हता.

हात दुखतोय. बाकीचं पुन्हा लिहीन.

अक्का

२७ फेब्रुवारी

धाकटे,

नऊ दिवस झाले. रोज कागद घेते आणि रोज मास्तरांच्या खड्यांबद्दल काहीतरी लिहून फाडून टाकते. आज दाराला आतून कडी घातली आहे. लिहूनच उठणार.

सातचा बिल्ला मी त्या दिवशी खिळ्यावरून काढलाच नव्हता.

त्या दिवशीच नव्हे, कधीच काढत नसे. दिवसभर रंधा मारून, फळ्या बसवून तो साडेपाचला खिडकीशी यायचा. "अक्का, जरा हिला चालवून बघतो, पाणी घेते का," म्हणायचा आणि सात नंबर घेऊन जायचा. पाणीबिणी काही घेत नव्हती ती. त्याला आवडायचं, इतकंच. दारू सोडल्यापासून संध्याकाळचा तो तासच त्याच्या अंगावर येत असे. तो तास तो तळ्यावर घालवायचा आणि मग तुझ्याकडे यायचा. एकदा मला म्हणाला होता, "घरी कोरडं जायचं तर आधी पाण्यात जावं लागतं." मी हसले होते.

बिल्ला काढायचा आणि पुन्हा लावायचा, कशाला? तो घरचा माणूस. तिकीट नाही, वहीत नोंद नाही, मग बिल्ला काढला तर साहेब विचारणार, सात कुठे आहे? म्हणून फळा कायम भरलेला. तो अंधार पडायच्या आत येऊन मागच्या बाजूला होडी स्वतःच बांधायचा आणि कुंपणावरून उडी मारून घरी जायचा. अडीच वर्षं असं चाललं. सगळ्यांना मोजणारी मी, घरच्याला तेवढं मोजलं नाही.

त्या दिवशी पाच वाजल्यापासून वारा होता. मी म्हटलंही, "आज राहू दे रे." तो म्हणाला, "वाऱ्यातच तर कळतं, अक्का, काम पक्कं झालंय का." आणि गेला. एवढंच. रागावून नाही, लपून नाही, नियम मोडून नाही. माझ्या डोळ्यांदेखत गेला, साडेपाचला, चांगल्या उजेडात.

आणि बाटली. ती बाटली मीच दिली होती त्याला, आमच्याकडे पडलेली, दारूचीच रिकामी. त्यात तो जवसाचं तेल ठेवायचा. वल्ह्यांना लावायला लागतं ते. पाण्यावर सापडली तेव्हा झाकण उडालेलं होतं आणि आत थेंब नव्हता. कुणी हुंगूनसुद्धा पाहिली नाही. मी तिथेच उभी होते. 'त्यात तेल होतं' हे तीन शब्द. तेवढे बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत, तो होडीत कधी बसला, तेव्हा तुम्ही कुठे होता. म्हणून तोंड मिटून घेतलं. नोकरी जाईल, ही एक भीती. पण खरं सांगू? त्याहून मोठी भीती तुझी होती.

साडेआठला तू माझ्या दाराशी आलीस. पायात चपलासुद्धा वेगवेगळ्या होत्या तुझ्या. "अक्का, हे अजून आले नाहीत. तळ्यावर आहेत का?" मी पोळपाट पुसत होते. मला त्या क्षणी कळलं, धाकटे. तरी मी म्हटलं, "बिल्ले सगळे फळ्यावर आहेत, होड्या आत आहेत. जुन्या दोस्तांत बसला असेल बघ." तुझा चेहरा मी पाहिला. तू तळ्याकडे जायला निघाली होतीस. मी तुला गुत्त्याकडे पाठवलं.

तू त्या गुत्त्याच्या दारात उभी राहून त्याला आईबापावरून शिव्या दिल्यास, असं नंतर लोकांनी सांगितलं. तो तिथे नव्हताच. अडीच वर्षांत एकदाही तिथे गेला नव्हता. तू भिंगरीला सांगितलंस ना, की तुझ्या बापाने दिलेला शब्द मोडला? मावशी म्हणाली मला. शब्द मोडला नव्हता त्याने. भिंगरीला हे आज, हे पत्र हातात असतानाच सांग.

त्याला वाचवता आलं असतं का, हे मला विचारू नकोस. वारा एवढा होता की काठावर कुणाला काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. होडी पलीकडच्या उंच पाणकणसाच्या गवतात उलटली होती, तिथे काठावरून काही दिसतही नाही.

मी क्षमा मागत नाही. मागायची कुठल्या तोंडाने?

अक्का

७ मार्च

धाकटे,

काल बागेत मंडळींची बैठक होती, सत्काराची तयारी म्हणून. पंचवीस-तीस माणसं होती, सगळी रोजची. मला खुर्ची दिली, बाकीचे बाकांवर आणि पायऱ्यांवर. कुणीतरी विचारलं, अक्का, भाषणात काय बोलणार? मी म्हटलं, आत्ताच बोलते. आणि तुला जे लिहिलं ते सांगितलं.

मग मास्तर उठले. "अक्का, नऊ वर्षांनी होडी पाण्यात जातेय. आणि तुम्ही आताच तिला भोक पाडायला निघालात?"

"मास्तर, पाटीवर खोटं लिहिलंय."

"पाटी पुसतो मी. स्वतः पुसतो. पण हे बाहेर काढू नका. कर्मचाऱ्याच्या चुकीने माणूस गेला म्हटलं तर मंजुरी गेलीच म्हणून समजा. मेलेल्याला आता काय फरक पडतो? जिवंतांचा विचार करा."

मी म्हटलं, "त्याची पोरगी जिवंत आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "एवढा पुळका होता तर नऊ वर्षं काय झोपला होतात?" खरंच तर बोलला तो. तुझ्या सुताराची वल्ही ज्यांनी हाताळली ती माणसं माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही मीच त्यांचं तळं आटवलं. मला त्यांचा राग येत नाही. माणसाला आपलं म्हणावं असं गावात एकच ठिकाण असलं, की त्याच्यासाठी तो दुसऱ्याचं मरणही गिळतो. मीही गिळलंच की.

उठताना रेडिओवाल्या बाई तेवढ्या माझ्याजवळ आल्या आणि विचारलं, "बहिणीला सांगितलंत?" मी म्हटलं, लिहिलंय. त्या म्हणाल्या, "मग आता कचेरीतही लिहून द्या. अर्धवट खरं फार वाईट."

आज सकाळी दिलं लिहून. साहेब नवीन आहेत, वयाने माझ्या मुलासारखे. दोनदा वाचलं, मग विचारलं, "आजी, कुणी जबरदस्ती केलीय का?" मी नाही म्हटलं. शिक्का मारून प्रत दिली. ती सोबत जोडली आहे. भिंगरीसाठी जपून ठेव. दुपारपर्यंत होड्यांना पुन्हा साखळी पडली. संध्याकाळी फाटकावर मला रोज 'अक्का' म्हणून हाक मारणारी माणसं मान खाली घालून गेली. माझ्या खोलीच्या खिडकीवर कुणीतरी चिखल फेकला. पुसला. काच होती त्याहून स्वच्छ झाली.

सगळं सांगून झालं. आता झोप येईल असं वाटतंय.

अक्का

२२ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. टपालवाल्याने आज मान हलवली नाही, हातात दिलं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. आधीपेक्षा बारीक झालंय.

तू चारच ओळी लिहिल्यास. भिंगरीला पत्र वाचून दाखवलं, ती रडली, नंतर तिने बापाचा फोटो पेटीतून काढून टेबलावर ठेवला. आणि मग तिचा प्रश्न: "बाबा मुकाट्याने बुडणारे नव्हते. त्यांनी हाका मारल्या असणार. तेव्हा अक्कामावशी कुठे होती?"

पंधरा वर्षांच्या पोरीने जे विचारलं ते चौकशीवाल्यांनी विचारलं नाही, तू विचारलं नाहीस, रेडिओवाल्या बाईंनीही विचारलं नाही. मी मागच्या पत्रात लिहिलं की सगळं सांगून झालं. नव्हतं झालं. वाऱ्यात काही ऐकू येणं शक्य नव्हतं, हेही मी लिहिलं. तेही खोटं. वारा पलीकडून माझ्याकडेच येत होता.

मी धक्क्यावरच्या खोलीत होते. साहेबांची सही होऊन गेली होती, दार अर्धं ओढलं होतं, आतला दिवा चालू होता. बाहेर बऱ्यापैकी अंधारलं होतं. पलीकडून हाक आली, "अक्का!"

आपल्या बागेत मला लहानमोठे सगळे अक्काच म्हणतात. आणि पलीकडच्या काठावर संध्याकाळी पोरं जमायची, त्यांचा एक चाळाच होता. दिवा दिसला की ओरडायची, "अक्का!" मी हात केला की खिदळत पळायची. रोजचं होतं ते. मी फळ्याकडे पाहिलं. अकराच्या अकरा. म्हणजे पाण्यावर कुणी नाही, म्हणजे पोरंच. सातचा बिल्ला मीच काढला नव्हता हे मला माहीत होतं, धाकटे, आणि तरी त्या क्षणी माहीत नव्हतं. तो नेहमीसारखा येऊन, बांधून, उडी मारून गेला असेल, असं मी धरूनच चालले होते. मी काही कामात नव्हते, घाईत नव्हते. नुसतं काठापर्यंत जाऊन नीट कान दिला असता तरी पुरे होतं. वीस पावलंसुद्धा नाहीत.

तीन वेळा हाक आली. दुसरी पहिलीपेक्षा मोठी होती. तिसरीनंतर मी खिडकीत आले, दिव्याच्या समोर, आणि हात वर करून हलवला. रोजच्यासारखा.

मग हाक थांबली.

नऊ वर्षं मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आले, की हात केल्यावर हाक थांबली म्हणजे ती पोरंच होती, खिदळत पळून गेली. त्या भरवशावर जेवले, झोपले, फाटकावर बसले. पण त्या दिवशी खिदळणं ऐकू आलं नव्हतं. आणि त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या दोन्ही तळहातांची सालं गेलेली होती. उलटलेल्या होडीला बराच वेळ धरून होता तो.

भिंगरीला सांग, तुझ्या बाबांनी हाका मारल्या होत्या. दम संपला म्हणून ते थांबले नाहीत. अक्काने पाहिलं, अक्का आता येतेय, असं समजून थांबले.

अक्का